कावळ्यावर गुन्हा दाखल

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो खरं. पण फांदी आपल्या अंगणातली असली की कावळ्यावर गुन्हा दाखल होतो. सर्दीचंच घ्या. ती बहुधा आठवडाभरात आपली आपण जाते. काढा मात्र आपण पाचव्या दिवशी, नाक पुरतं जेरीस आल्यावर घेतो. सातव्या दिवशी सर्दी ओसरते आणि सगळं श्रेय गवती चहा, आलं, मिरी यांना जातं. पुढच्या खेपेला तोच काढा घेऊनही खोकला हलत नाही, तेव्हा 'पथ्य पाळलं नाही' असा निकाल लागतो. जमा काढ्याच्या नावे, खर्च रोग्याच्या नावे! आपले बरेचसे गैरसमज बुद्धी कमी पडल्यामुळे होत नाहीत, ते या असल्या हिशेबामुळे होतात.

ज्योतिषाचा जमाखर्च मात्र पुण्यात एकदा रीतसर मांडला गेला. 2008 साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 100 हुशार आणि 100 बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी 40 पाठवून कुठली कोणत्या गटातली, एवढंच विचारलं. उत्तरं 27 जणांची आली. सरासरी 46 टक्के बरोबर. छापा-काटा केला असता तर निम्मी जुळली असती, शिवाय नाणं दक्षिणा मागत नाही. यावर आक्षेप ठरलेला: ते कच्चे असतील, पक्क्या ज्योतिषाची गोष्टच वेगळी. पण पक्का कोण? ज्याचं भाकीत खरं ठरलं तो! निकाल लागल्यावर उमेदवारी अर्ज भरायची ही सवलत आमदारांना अजून मिळालेली नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. प्रत्येक गोष्ट तपासत बसलं तर संसार कधी करायचा? मान्य. काढ्याने घशाला बरं वाटतं, तेवढ्यासाठी त्याच्यामागे लेखापरीक्षक लावणं कोतेपणाचं आहे. पण मंगळ आहे म्हणून मुलगी नाकारली, तर तो संसार कसा झाला असता हे कधीच कळणार नाही. न झालेल्या लग्नाचा ताळेबंद निघत नाही. झालेल्यांचा निघू शकतो. कौटुंबिक न्यायालयाच्या अर्जात 'छत्तीसपैकी गुण किती जुळले होते?' असा एक रकाना घालावा. उत्तरं वाचायला सर्वांत उत्सुक पत्रिका जुळवणारे गुरुजीच असायला हवेत. ते नसतील, कारण जन्मवेळ चुकीची सांगितली होती, हे त्यांना आधीपासूनच ठाऊक असतं.