पेन्सिलीआधी चिंचोके

दिवाळी सरली की डोंबिवलीत बालवर्गाच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. अडीच-पावणेतीन वर्षांच्या पोराचे आईबाप शाळेत चौकशीला जातात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘लिहायला कधीपासून घेता?’ मग छोट्या शिशूत उभ्या-आडव्या रेघा, मोठ्या शिशूत चाररेघी वही, पहिलीच्या आधी शंभरपर्यंत अंक आणि दोन भाषांची मुळाक्षरं. वर गृहपाठ. कल्याणात हेच, ठाण्यात घोडबंदर रोडच्या टोलेजंग संकुलांतही हेच. हे चूक आहे.

त्या पोराचं मनगट बघा. जन्मताना मनगटातली आठही हाडं कूर्चेची असतात. ती एकेक करत टणक व्हायला नऊ-दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. पेन्सिल पेलायची ताकद माती मळून, मणी ओवून, कागद फाडून, फांदीला लोंबकळून येते. ती यायच्या आत वही पुढ्यात टाकली, की मूल मूठ आवळून रेघा ओढतं आणि ‘अभ्यास’ म्हटलं की रडतं. शिशुवर्गाच्या बाईंना हे पक्कं ठाऊक असतं. पण शनिवारी पालक यायचे असतात, वह्या भरलेल्या दिसायला हव्या असतात.

आणि हे ठाणे जिल्ह्यात व्हावं, याचा मला जास्त संताप येतो. कारण लहान मुलांना कसं शिकवावं, याचा देशातला एक फार मोठा धडा याच जिल्ह्यात गिरवला गेला. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून झालं होतं, दादरला शिशुविहार उभा राहिला होता. तिथेच थांबल्या असत्या तरी नाव राहिलंच असतं. त्यांनी खेडं निवडलं. सोबतीला अनुताई वाघ आल्या. बोर्डीत बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही, कडेवर धाकटं भावंड. मग या बायकाच वस्तीत गेल्या. घरासमोरच्या अंगणात मुलं जमवली, त्यांना न्हाऊमाखू घातलं, केस विंचरले, गाणी-गोष्टी सुरू केल्या. ही अंगणवाडी.

माँटेसोरीचं साहित्य महाग. ते परवडायचं नाही हे कळल्यावर चिंचोके, शिंपले, दगडगोटे, पानं, काड्या, बिया घेतल्या. मोजायचं त्यांनी, लहानमोठं लावायचं त्यांनी, गुळगुळीत-खरबरीत ओळखायचं त्यांनीच. यात गरिबीची तडजोड कुणी पाहू नये. शहरातल्या पोराच्या हातातल्या रंगीत छापील पुस्तकापेक्षा मूठभर चिंचोके चार वर्षांच्या मुलाला खरं गणित शिकवतात, कारण चित्रातली पाच फळं हातात येत नाहीत आणि पाच चिंचोके येतात.

१९५७ च्या सुमारास काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी अडकते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र बांधली, ती विकासवाडी. मूल का येत नाही, हा प्रश्न आधी, अभ्यासक्रम नंतर. इतकी साधी, इतकी कणखर शिक्षणदृष्टी मला आपल्याकडे दुसरी माहीत नाही.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं. खाऊ आला, वजनकाटा आला. बालशिक्षण कागदावर राहिलं, पण सेविकेच्या दिवसातला त्याचा वेळ नोंदवह्या आणि मोबाइलवरच्या नोंदींनी खाल्ला. २०१४ मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला. ठाणे जिल्ह्याच्या नकाशातून कोसबाड तेव्हा गेलं. ठाण्या-कल्याणच्या डोक्यातून फार आधी.

कायद्याची मदत तोकडी आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड त्यात आहे. पण सहाच्या आतल्या मुलांच्या शिक्षणाची सक्ती सरकारवर नाही, आणि गल्लोगल्लीच्या नर्सऱ्या मोकाट. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरला. म्हणजे बालवर्गापासून दुसरीपर्यंत सलग पाच वर्षं हाताशी आहेत. मग पहिल्या दोन वर्षांतच सगळं कोंबायचं कशाला? २०२४ मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असा आदेश काढला. मुलांची झोप सरकारला दिसली. मनगटही दिसायला हवं.

आईबापांवर मी फार रागावत नाही. दोघंही लोकलला लोंबकळणारे, घरात दोन खोल्या, इमारतीखाली गाड्या. आपलं मूल मागे पडेल ही भीती खरी आहे, आणि शाळा तिच्यावर फी लावतात. त्या भीतीला उत्तर मिळालं तर हेच पालक बदलतील.

म्हणून या वेळी फॉर्म घ्यायला जाल तेव्हा वही मागू नका. वर्गातलं कपाट उघडायला सांगा. मुलांच्या हाताला रोज काय लागतं ते बघा. वाळू कुठे आहे, माती कुठे आहे, पाणी खेळायला देता का, विचारा. बाई गोष्ट कुठल्या भाषेत सांगतात आणि घरी मूल बोलतं ती भाषा त्यांना येते का, तेही.

आणि दुसरं काम महापालिकांचं. शहरातल्या कित्येक अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत कोंबलेल्या आहेत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पालिका शाळांत जिथे वर्ग मोकळा आहे, तिथे अंगणवाडी आणा, शेजारी पाळणाघर काढा, विकासवाडीसारखं. तिसरीतली ताई आणि तिचा धाकटा एकाच फाटकातून आत जाऊ देत. पुढच्या अंदाजपत्रकात याला किती पैसे ठेवलेत, ते आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला विचारा.