आवाज कुणाचा?

मी पुस्तकं वाचतो असं सांगितलं की रत्नागिरीत समोरचा माणूस आधी मान डोलावतो आणि मग काळजीने विचारतो, "ते झालंच हो. पण पोटापाण्याला काय?" पोटापाण्याला तेच. मी ती मोठ्याने वाचतो, मायक्रोफोनसमोर, बंद खोलीत, पंखा न लावता. आणि त्याचे पैसे मिळतात. हे ऐकल्यावर माणूस गप्प होतो. त्या गप्प होण्याला मी बरीच वर्षं आदर समजत आलो आहे.

माझा आवाज चांगला आहे. हे मी सांगू नये, पण दुसरं कुणी वेळेवर सांगत नाही. शाळेत प्रतिज्ञा म्हणायला मला पुढे उभं करत. गणेशोत्सवात "पांढरी मारुती गाडी प्रवेशद्वारासमोरून हलवावी" हे मी पुकारलं की गाडीवाल्याला गाडी हलवताना धन्य वाटत असे, असा माझा समज आहे. स्टोरीटेल ही स्वीडनची बोलक्या पुस्तकांची कंपनी २०१७ साली भारतात उतरली आणि तिने इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीलाही पहिल्याच पंगतीला बसवलं, तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. स्टॉकहोमपर्यंत बातमी पोचायला थोडा उशीर झाला, एवढंच.

स्टुडिओ म्हणजे आमच्या जुन्या घरातली बाळंतिणीची खोली. जांभ्याच्या जाड भिंती, हातभर खिडकी, चारी बाजूंना टांगलेल्या गोधड्या. पूर्वी या खोलीतून आवाज आला की पेढे वाटत. आता आला की आत्या बाहेरून विचारते, "अरे, कुणाशी भांडतोयस?"

शांतता ही आमच्याकडे हंगामी वस्तू आहे. जूनपासून कौलांवर पाऊस. त्याच्या पोटात गणपती आणि आरत्या. शिमग्याला पालखी आणि ढोल. एप्रिल-मेमध्ये शेजारच्या अंगणात आंब्याच्या पेट्या ठोकायला घेतात, आणि ऐन प्रेमप्रसंगात "मी तुझ्याशिवाय" ठक् "जगू शकत नाही" ठक् ठक् असा हापूसचा साक्षीदार मध्ये येतो. उरलेल्या दिवसांत कावळे असतात. गाव दुपारी जेवून आडवं होतं म्हणून माझा धंदा चालतो. वामकुक्षीवर उभा असलेला हा जगातला एकमेव साहित्यव्यवहार असावा. एक तासाचं पुस्तक तयार व्हायला वाचणं, चुकणं, मागे जाणं, पुन्हा वाचणं धरून अडीच-तीन तास सहज जातात. म्हणजे गावाच्या एका झोपेत माझं तासाभराचंच पुस्तक होतं.

मायक्रोफोनला पोटातलंही ऐकू येतं. कुळथाचं पिठलं जेवून बसलो की औरंगजेबाच्या दरबारात कोपऱ्यातून कुणीतरी कुरकुरल्यासारखं वाटतं. परदेशातले माझ्यासारखे वाचक तोंडातली चिकचिक जावी म्हणून आंबट हिरवं सफरचंद खातात. मी कैरीच्या फोडीवर भागवतो.

आता पुस्तकांचे प्रकार. ऐतिहासिक कादंबरीत लढाईचं प्रकरण दिवसाच्या शेवटी घ्यायचं, हा आमच्या कामातला पहिला नियम. एकदा "हर हर महादेव" होऊन गेलं की त्यानंतर राणीसाहेबांचे संवाद शेलारमामाच्या आवाजात येतात. रहस्यकथेची तऱ्हा वेगळी. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. ती छापील वाचणाऱ्याला खुनी शेवटी कळे. मला तो आधीच ठाऊक असतो, कारण सगळं पुस्तक आधी वाचूनच खोलीत शिरावं लागतं. नाहीतर लेखक उत्तरार्धात सहज लिहून जातो, "तो आपल्या नेहमीच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला," आणि तोवर तो दीडशे पानं कोवळा बोललेला असतो. खुनी ठाऊक असून आवाजात दिसू द्यायचा नाही, हे अवघड. त्यावर माझा उपाय म्हणजे मी सगळ्यांनाच थोडं संशयास्पद वाचतो. दूधवाल्यालासुद्धा.

भयकथेत भुताला काही करावं लागत नाही. नारायण धारपांच्या वाटेने जाणाऱ्या कथेत दार उघडण्याआधी थांबणं महत्त्वाचं. किती थांबायचं त्यात सगळी कला आहे, आणि ती माझ्याकडे आहे असं मला वाटतं. बालकथेत माकड, मगर आणि आजी एकाच पानावर भेटतात, म्हणून वहीत टिपून ठेवावं लागतं: माकड वरच्या पट्टीत, मगर घशातून, आजी आत्यासारखी. इंग्रजीतून आलेली यशस्वी होण्याची पुस्तकं मात्र हसऱ्या चेहऱ्याने वाचायची, कारण हसू आवाजात ऐकू येतं. "सुखाच्या चौकटीबाहेर पाऊल टाका," असं मी मे महिन्यात घामाने निथळत, खांद्यावर पंचा टाकून, गोधड्यांच्या मधोमध बसून जगाला सांगतो. चौकटीबाहेर मी केव्हाचा बसलेलो असतो.

राहिली शृंगारिक. त्याबद्दल इतकंच सांगतो की माजघरात आत्या गवार निवडत बसलेली असते, दार पूर्ण लागत नाही, आणि परिच्छेद संपला की बाहेरून शांतपणे विचारणा होते, "पाणी हवं का रे?"

इतक्या कष्टाने पेरलेले माझे विराम भाचा दीडपट वेगाने ऐकतो. मृत्युशय्येवरचे माझे पेशवे त्याच्या कानात मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारतात. "मामा, वेळ वाचतो," असं तो म्हणतो. वाचलेल्या वेळेत तो काय करतो, हे मी पाहिलेलं आहे.

इथे मला आजोबांबद्दल सांगायचं आहे. विषयाला धरून नाही, पण सांगणार. ते चातुर्मासात ओटीवर पोथी वाचत. श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप, लाल फडक्यात बांधलेला. पुरुष ओटीवर, बायका माजघराच्या उंबऱ्याच्या आत. त्या बायकांतल्या निम्म्यांना अक्षरओळख नव्हती आणि कथा सगळ्यांना पाठ होती. आजोबांनी ओवी गाळली तर आतून खाकरणं ऐकू येई. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांच्या यादीत अंधांसाठी बोलकी पुस्तकं लिहून ठेवली. ती अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये लोकांच्या हाती पडायला १९३०चं दशक उजाडलं. त्या वेळेपर्यंत आमच्या ओटीवर कौरव कितीदा मेले होते, त्याची मोजदाद नाही.

आजोबा आवाज बदलत नसत. भीम, दुर्योधन, द्रौपदी, सगळे एका पट्टीत. पाऊस फार वाढला की पानावर बोट ठेवून थांबत. तेवढ्यात अडकित्ता फिरे, कुणाच्या सुनेची चौकशी होई. मी पाऊस कापून काढतो, ते पावसासाठी थांबत, आणि दोघांचंही वाचन पुढे सरकतं. चूक झाली तर तीच ओवी पुन्हा म्हणत. आमचे ध्वनितंत्रज्ञ आज हेच करायला सांगतात आणि त्याला इंग्रजी नाव आहे. पंक्तिभेद एकच होता. अभिमन्यूचा वध आला की आजोबा चष्मा पुसायला काढत, आणि तो बराच वेळ पुसला जाई. त्यांचा धाकटा भाऊ ऐन विशीत तापाने गेला होता, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी मला वाटे, चक्रव्यूहाचं प्रकरण बारीक अक्षरात छापलेलं असतं.

तर सांगायचं ते हे. आजोबा नाकात बोलत. अस्सल रत्नागिरीचं नाक. त्यातून आलं की "असं"चा अनुस्वार पुढच्या शब्दापर्यंत पुरे. श्रीधरस्वामी पंढरपूरकडचे, पण आमच्या ओटीवर त्यांचा श्रीकृष्ण परटवण्याचा होता. कुरुक्षेत्रावर उभं राहून तो नाकात बोले, आणि कुणी हसत नसे.

मला मात्र नाक बंद ठेवायचे पैसे मिळतात. नवीन काम आलं की फोनवरून सूचना येते, "सर, प्रमाण भाषेत हवं, प्रादेशिक टोन नको." मी मान्य करतो. मी उत्तम पुणेरी वाचतो. सदाशिव पेठेतही माझ्या घराण्याची चौकशी होईल इतकं उत्तम. मग कादंबरीत एक गडी येतो, किंवा कामवाली, किंवा लग्नात जास्त जेवणारा मामा. लगेच फोन. "सर, इथे थोडं कोकणी करा ना, मजा येईल."

मजा येते, नाही असं नाही. पण इतकी वर्षं वाचून माझ्या लक्षात आलं आहे की माझ्या गावच्या बोलीत आजवर मी एकही शस्त्रक्रिया केलेली नाही, एकही देश वाचवलेला नाही, एकाही मुलीला मागणी घातलेली नाही. नाकातून मी फक्त कंजूषपणा केला, भांडलो आणि चहा नेऊन दिला. संगमेश्वरी बोलीत तर मी दारूच प्यायलो. पु. लं.नी अंतू बर्व्याला अजरामर केलं, स्वतःच्या आवाजातही सांगितलं. त्या माणसाला हसता हसता घशाशी काहीतरी येतं. पुढच्यांनी अंतूशेटचं नाक तेवढं उचललं आणि डोळे तिथेच ठेवले. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथा सांगत फिरले तेव्हा त्यांच्या माणसांची बोली हशासाठी उसनी आणलेली नव्हती. त्याच बोलीत ती माणसं रडत, उपाशी राहत, शहाणपणाचं बोलत. आमच्याकडे आता बोली म्हणजे ताटातलं लोणचं.

यंत्राचे आवाजही आता आले आहेत. ते दमत नाहीत, पिठलं खात नाहीत, त्यांना कावळ्यांचा त्रास नाही. माझ्या ऐकण्यात आलेले सगळे स्वच्छ प्रमाण मराठी बोलतात. माझं काम जाईल तेव्हा जाईल. पण मी इतकी वर्षं घासूनपुसून जे केलं ते यंत्राला जन्मतःच येतं, हे मनाला लागलं. नाक नसणं हा माझा गुण होता, आणि त्याला तर मुळातच नाक नाही.

आत्याचे डोळे आता अधू झालेत, त्यामुळे ती माझी पुस्तकं ऐकते. परवा एक मोठी कौटुंबिक कादंबरी तिने ऐकून संपवली. मी कौतुकाची वाट पाहत आसपास घुटमळत राहिलो. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्या मेल्यानं तिला फशिवलंन हो." हे कथेबद्दल झालं. मी न राहवून विचारलं, "आत्ये, पण वाचलं कसं?" ती विचारात पडली. "तो गडी तेवढा चांगला वाचलायस. आपल्यातला वाटला. बाकीचे कोण रे ते सगळे? पुण्याचे?"

तेव्हा मराठीतल्या लेखकांना एक विनंती. एक नायक आमच्याकडचा लिहा. शास्त्रज्ञ चालेल, खुनी चालेल, प्रियकर असेल तर फारच उत्तम. फक्त तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नाकात बोलू दे आणि त्याला कुणी हसू नये. गडी पुण्याचा ठेवा, मी तोही नीट वाचीन. मानधन नेहमीचंच घेईन. नाकाचे वेगळे पैसे लावणार नाही.