नव्याचे एकोणपन्नास दिवस

सत्ताधारी पक्ष गाळात रुतू लागला, की पक्षातल्याच एखाद्याला अचानक देशाची काळजी वाटू लागते. कालपर्यंत मंत्रिमंडळाच्या बैठकीत मान डोलावणारा हा गृहस्थ रातोरात राजीनामा खरडतो, सद्सद्विवेकबुद्धीचा हवाला देतो आणि पदाची मुळीच हाव नसल्याचं सांगत पदासाठीच अर्ज भरतो.

ब्रिटनच्या हुजूर पक्षाचा या विद्येत हात धरणारं कोणी नाही. जुलै २०२२मध्ये बोरिस जॉन्सन यांना घालवलं आणि गादीसाठी शेवटी उरले दोघं : त्यांचेच अर्थमंत्री ऋषी सुनक आणि त्यांच्याच परराष्ट्रमंत्री लिझ ट्रस. दोघांचीही आरोळी एकच, आता सगळं बदलणार! पक्षाच्या ८१,३२६ सदस्यांनी ट्रसबाईंना कौल दिला. उरलेल्या साडेसहा कोटी जनतेला नवा पंतप्रधान टीव्हीवर कळला.

बाईंनी शब्द पाळला. पैसा कुठून आणणार याची वाच्यता न करता ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली आणि खरोखरच सगळं बदललं. पौंड डॉलरपुढे नीचांकी पातळीवर घसरला, गृहकर्जाचे व्याजदर कडाडले. ‘डेली स्टार’ या दैनिकानं लेट्यूसचा गड्डा विग घालून कॅमेऱ्यासमोर मांडला. आधी कोण सुकतं, बाई की भाजी? भाजी जिंकली. नव्याचे नऊ दिवस असतात. बाईंनी वर चाळीस काढले, एवढं मात्र त्यांच्या पदरात टाकायला हवं.

मग सुनक आले. इन्फोसिसची स्थापना १९८१ची, पुण्यातली. तेव्हा तिचे संस्थापक नारायण मूर्ती यांचे जावई म्हणजे जवळपास आपलेच, या हिशेबानं इकडेही ऊर भरून आले. जावईबापूंनी २२ मे २०२४ रोजी भर पावसात, छत्रीशिवाय उभं राहून निवडणूक जाहीर केली. २०१९मध्ये ३६५ जागा जिंकलेला पक्ष १२१वर आला.

मग आव्हानवीर पक्षाला तारतच नाही का? तारतो की! १९९०मध्ये मायकेल हेसल्टाइन यांनी थॅचरबाईंना आव्हान दिलं. बाई गेल्या, गादी मिळाली जॉन मेजर यांना. हेसल्टाइन यांच्या वाट्याला आलं पर्यावरण खातं आणि त्यासोबत पोल टॅक्सचं लचांड. बंगलेवाल्याला आणि त्याच्या माळ्याला एकाच मापानं मोजणाऱ्या या करापायी लंडनमध्ये दंगल झाली होती. हेसल्टाइन यांनी तो गुंडाळायचं जाहीर केलं आणि १९९२ची निवडणूक पक्षानं मारली. लोकांना बोचत होतं तेच उपटलं, म्हणून नवा चेहरा खपला.

हा धडा हुजूर पक्षाला पाठ असणारच. १२१वर आल्यावर आत्मपरीक्षण झालं आणि निष्कर्ष निघाला : नवा नेता हवा. रिंगणात सहा जण उतरले. सहाही माजी मंत्री.