कोणाच्या शिव्या खाणार?

नागपूरच्या कळमन्यात राहून सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, की पहिल्या सेमिस्टरची फी भरायच्या आधीच तुम्ही मोहल्ल्याचे बांधकाममंत्री होता. नाली तुंबली, विचारा त्याला. रस्त्यावर गिट्टी उघडी पडली, विचारा त्याला. शेजारच्या काकूंच्या भिंतीला तडा गेला तेव्हा त्या झारा हातात घेऊनच आमच्या दारात आल्या. मी त्यांना नागपूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया हलतो, असं सविस्तर समजावलं. शांतपणे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे तुले जमत नाही."

अशात १९ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री कळमन्याजवळच्या, काम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा एक भाग कोसळला. नशीब, कोणाला लागलं नाही. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होतो. कोरोनामुळे आमचं बरंच कॉलेज मोबाइलवर झालेलं. सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल मी गादीवर पडून केलं होतं, आणि स्लम्प टेस्टच्या व्हिडिओत काँक्रीट जरासुद्धा खचलं नाही ते नेट अडकल्यामुळे, हे मला फार उशिरा कळलं. एवढ्या तयारीचा मी सकाळी दूध आणायला निघालो, तर पानठेल्यावरून आवाज आला, "काय बे इंजिनिअर, काय करून ठेवलं?"

पुढच्याच वर्षी वर्धा रोडवरच्या मेट्रोच्या ३.१४ किलोमीटर लांबीच्या डबलडेकर पुलाची गिनीज बुकात नोंद झाली. लांबी नेमकी 'पाय'इतकी, हा विनोद मी त्याच पानठेल्यावर सांगून पाहिला. कोणी हसलं नाही, अभिनंदनही केलं नाही. पडतो तो पूल माझा, उभा राहतो तो मेट्रोचा.

तेव्हा मला एक गोष्ट लख्ख दिसली. करिअर मार्गदर्शनाच्या भाषणांत 'तुमची आवड कशात आहे?' असं विचारतात. सिव्हिलच्या पोराला विचारायला हवं, 'तुला कोणाच्या शिव्या झेपतील?' इंटर्नशिप असते ती याच चाचणीसाठी. (कॉम्प्युटरवाल्यांना असली चाचणी लागत नाही. शिवाय आमच्या वर्गातली निम्मी हुशार पोरं शेवटी त्यांच्याच कंपन्यांत जातात, आणि बीम कशाला म्हणतात ते सुखाने विसरतात.)

पहिली इंटर्नशिप साईटवर, बाजार यार्डाकडच्या एका गोदामाच्या कामावर. ऐन उन्हाळा, पारा पंचेचाळिसाच्या आसपास, आणि वारा मिरची यार्डावरून येणारा. मिरचीच्या हंगामात कळमन्यात परका माणूस लगेच ओळखू येतो, कारण तो शिंकत असतो. मी जन्माचा कळमन्याचा, पण हेल्मेटच्या आत शिंकायची सवय नव्हती.

माझं काम स्लम्प मोजायचं. तीनशे मिलिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू, त्यात माल भरायचा, सळईने पंचवीस-पंचवीस वेळा कोचायचा, शंकू अलगद वर उचलायचा आणि माल किती खाली बसला ते पट्टीने पाहायचं. मी गुडघ्यावर बसून, श्वास रोखून, चेहऱ्याला बांधलेला दुपट्टा सावरत पट्टी लावली. एकशे दहा मिलिमीटर. मिस्त्री दहा हातांवर बिडी विझवत उभा होता. फावड्यावरून माल कसा उतरतो तेवढं त्याने लांबूनच पाहिलेलं. "सवाचार इंच असंन," तो म्हणाला. मी मोबाइलवर भागाकार केला. सव्वाचारच्या किंचित वर. त्या किंचितासाठी माझ्या बापाने चार वर्षांची फी भरली होती.

घमेली वाहणाऱ्या छत्तीसगडी रेजा मात्र मला फार मान देत. मी मोजमाप घेत असेन तर काम थांबतं, आणि तेवढाच त्यांना सावलीत दम मिळतो, हे कारण मला जरा उशिरा समजलं. मग मीही मोजमाप सावकाश घेऊ लागलो. ठेकेदाराच्या शिव्या त्याच काळातल्या.

दुसरी इंटर्नशिप डिझाइन ऑफिसात. एसी, खुर्ची, दिवसभर ऑटोकॅड आणि स्टॅड. इथे शिव्या नसतात, विनवण्या असतात. घर बांधणारा प्रत्येक माणूस येऊन एकच गोष्ट मागतो, "साहेब, लोहा थोडा कमी करा नं." तोच माणूस नंतर म्हणतो, हॉलमधला कॉलम मधात येऊन राहिला, तो काढून टाका. म्हणजे लोहाही कमी, कॉलमही कमी, आणि वर दोन मजले भविष्यात चढवायचे. काँक्रीटच्या नियमावलीत, आयएस ४५६ मध्ये, या गिऱ्हाइकासाठी कलम नाही.

तिसरी एका सरकारी कचेरीत. तिथे मला मेजरमेंट बुक नावाच्या ग्रंथाचं दर्शन झालं. पानांना छापील क्रमांक, पान फाडणं महापाप, खोडरबर वर्ज्य; चुकलं तर आडवी रेघ मारून सही. आपली प्रत्येक चूक सहीनिशी जपून ठेवणारं दुसरं खातं माझ्या पाहण्यात नाही. शिव्यांच्या बाबतीत हे ठिकाण सर्वांत श्रीमंत. खालून जनता, वरून ऑडिट, आणि फोनवर कोणाचा तरी भाऊ.

शेवटी मन रमलं ते मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये. दीडशे मिलिमीटरचे काँक्रीटचे ठोकळे पाण्याच्या टाकीत ठेवायचे, अठ्ठाविसाव्या दिवशी काढायचे आणि मशीनखाली फोडायचे. घरात सुतकसुद्धा तेराव्याला फिटतं, पण हा ठोकळा अठ्ठावीस दिवस सोवळ्यात. एम-२५ दर्जाच्या काँक्रीटचा असेल तर काटा साडेपाचशे किलोन्यूटनच्या पुढे सरकतो, मग एक दबका आवाज येतो आणि कडा ढासळतात. पूर्ण सिव्हिलमध्ये ही एकच जागा, जिथे काहीतरी तुटलं तरी लोक समाधानाने आकडा लिहून घेतात.

एक जास्तीचा ठोकळा मी घरी आणला. आमचे काकाजी संत्रा मंडीत अडत्या. मृग बहाराची गर्दी ओसरल्यावर ठोकळा घेऊन त्यांच्या गाळ्यावर गेलो आणि सांगितलं, "काकाजी, सत्तावन टनाच्या आसपास वजन झेलते हा. भरलेले दोन दहाचाकी ट्रक म्हणा."

काकाजींनी तो दोन्ही हातांनी उचलला, उलटासुलटा केला आणि क्रेट बाजूला सारून इलेक्ट्रिक काट्यावर ठेवला.

"आठ किलो शंभर," ते म्हणाले. "भाव काय निघाला?"