कारखाना किती लांब?

सचिवसाहेब तुम्हाला भेटलेले आहेत. आठवत नसतील तर कुठल्याही मेळाव्याचा, कार्यशाळेचा नाहीतर परिसंवादाचा ग्रुप फोटो काढून बघा. प्रमुख पाहुण्यांच्या उजव्या खांद्यामागून जो चेहरा उगवलेला दिसतो, तो त्यांचा. खादीचं जाकीट, गळ्यात ओळखपत्राची दोरी, खिशाला तीन पेनं आणि त्यातली दोन मागच्या परिषदेतली. संस्थेचे संस्थापक-सचिव ते, अध्यक्ष वहिनी, खजिनदार मेहुणे. संस्थेच्या नावातून 'बहुउद्देशीय', 'सेवाभावी' आणि 'ग्रामीण विकास' वजा केलं की मागं फक्त त्यांच्या आजीचं नाव उरतं.

माझा नि त्यांचा संबंध इंग्रजीपुरता. त्यांचे प्रस्ताव मी इंग्रजीत करून देतो. मुदत रात्री बाराला संपणार असली की सचिवसाहेब साडेनऊला दारात चपला काढता काढता विचारतात, "सर, काय करायलात? मोकळे असाल तर दोन पानं होती." ती दोन पानं म्हणजे फॉर्मची पहिली दोन पानं. पुढची तीस ते चहा झाल्यावर काढतात.

मागं बीडच्या एका मंगल कार्यालयात संस्थांची आणि दात्यांची परिषद भरली होती. आदल्या दिवशीच्या लग्नातल्या खुर्च्या स्टेजवर तशाच होत्या. एका कंपनीच्या सीएसआर प्रमुख बाई आणि पुण्याहून आलेले तज्ज्ञ त्या लाल मखमली सिंहासनांवर शेजारी शेजारी बसले. अक्षता तेवढ्या पडायच्या राहिल्या. नाश्त्याला सुशीला होतं. पुणेकर मंडळी 'हे कसले पोहे' या नजरेनं प्लेटकडं बघत होती. सचिवसाहेबांनी दुसरी प्लेट घेता घेता त्यांना चुरमुऱ्यांची माहिती दिली आणि तेवढ्यात ओळख, फोटो आणि कार्ड तिन्ही उरकून घेतलं. नोंदणीच्या टेबलावर त्यांनी दोन पिशव्या उचलल्या. "एक अध्यक्षांची." अध्यक्ष त्या वेळी घरी भाकरी थापत होत्या.

पहिलं सत्र एकमेकांना मोकळं करण्याचं. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, सुतळीचा गुंडा एकानं दुसऱ्याकडं फेकायचा, फेकताना स्वतःचं नाव आणि एक गुण सांगायचा. शेवटी जे जाळं तयार होतं ते म्हणजे नेटवर्क. पुण्यात याला लोकर वापरतात, बीडच्या बाजारात ऐनवेळी सुतळी मिळाली. गुंडा सचिवसाहेबांच्या हातात आला. त्यांनी नाव सांगितलं, गुण सांगायचं टाळलं आणि गुंडा न फेकता समोरच्या सांगलीच्या ताईंना विचारलं, "ताई, तुमच्याकडून साखर कारखाना किती लांब?"

ही त्यांची खोड. त्यांच्याबरोबर कुठंही जा, हा प्रश्न चुकत नाही. पाळी-स्वच्छतेच्या सत्रात कोल्हापूरच्या डॉक्टरीण बाई बोलून थांबल्या, 'काही शंका?' म्हणाल्या, आणि मागून आवाज आला, "म्याडम, कारखाना किती लांब?" कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला आलेला एक पोरगेलासा तरुण बारामतीचा निघाला, तेव्हा सचिवसाहेब जागचे उठून पहिल्या रांगेत येऊन बसले. केटरर इंदापूरकडचा असल्याचं कळल्यावर त्याचंही कार्ड घेतलं. त्याच्याकडं कार्ड नव्हतं, तर बिलाच्या पावतीवर शिक्का मारून घेतला. लोकांनी आपापले तर्क लढवले. कुणाला ते कारखान्याच्या संचालक मंडळावर जायच्या तयारीत वाटले, कुणाला साखरेचे व्यापारी. एका बाईंनी तर हळूच मला विचारलं, "त्यांना शुगर आहे का?"

दुपारी 'स्पीड नेटवर्किंग' होतं. दोघांनी समोरासमोर बसायचं, तीन मिनिटं बोलायचं, घंटा वाजली की पुढच्या खुर्चीवर. घंटा कार्यालयाच्या मालकानं देवघरातली दिली होती. सचिवसाहेबांच्या समोर त्या सीएसआर प्रमुख बाई आल्या. संस्थेतल्या बाकीच्यांनी देव पाण्यात घालावेत असा तो क्षण. बाईंनी विचारलं, "तुमचा यूएसपी काय?" साहेब म्हणाले, "आपण कुठल्या, म्याडम?" अंधेरीच्या. "तिकडून कारखाना..." बाई म्हणाल्या, अंधेरीत साखर कारखाना नाही. साहेबांनी माहेर विचारलं. माहेर कराडचं निघालं आणि उरलेली अडीच मिनिटं कराडमध्ये गेली. घंटा झाली. निधीचा 'नि'सुद्धा निघाला नाही. माझा जीव नुसता वरखाली होत होता.

मिळालेल्या प्रत्येक कार्डाच्या पाठीवर ते लगेच बॉलपेननं बारीक अक्षरात टिपण करतात. 'कराड माहेर. भाऊ तिथंच. कारखाना जवळ.' कंपनीच्या साहेबांपेक्षा ते साहेबांच्या ड्रायव्हरचा नंबर जास्त जपतात. त्यांचं म्हणणं, साहेब दोन वर्षांत नोकरी बदलतो, ड्रायव्हर तिथंच राहतो आणि तो खरं सांगतो. काही कार्डांवर 'गो. बो. दे. ना.' असं असतं. गोड बोलतो, देत नाही. हा गठ्ठा सर्वांत जाड आहे. माझ्याही कार्डाची पाठ मी एकदा चोरून पाहिली. 'इंग्रजी बरं. चहा दोनदा लागतो.'

शिकायच्या बाबतीत मात्र माणूस प्रामाणिक. पहिल्या रांगेत बसून सगळं उतरवून घेणार. 'सीएसआर समजून घेऊ' या सत्रात तज्ज्ञांनी सांगितलं की १ एप्रिल २०१४ पासून कायदा लागू आहे; पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा, यातलं एक जरी असेल तर कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर घालवायचे, आणि जिथं कंपनीचं काम चालतं त्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं. साहेबांनी हात वर केला. "आमची माणसं सहा महिने कारखान्याच्या आसपास असतात. मग आम्ही कुणाच्या आसपासचे?" तज्ज्ञ म्हणाले, मुद्दा चांगला आहे, चहाच्या वेळी बोलू. चहाच्या वेळी कळलं की सहकारी साखर कारखाना सहकार कायद्याखाली येतो, कंपनी कायद्याखाली नाही, तेव्हा त्याला ती दोन टक्क्यांची भानगडच नाही. साहेबांनी तेही उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या सत्रात 'एक्झिट स्ट्रॅटेजी' होती. प्रकल्प संपल्यावर गावातून बाहेर कसं पडायचं, याची आखणी. साहेब म्हणाले, "आमच्या गावाची दरसालची ठरलेली आहे. दिवाळी झाली की अख्खं गाव बाहेर." सभागृह हसलं. तज्ज्ञांनी फळ्यावर 'ह्यूमर' असं लिहिलं.

आता जरा बाजूची गोष्ट. बीडला परिषदांची सवय आम्हाला आमच्या दुःखांनी लावली. तसा जिल्ह्याला संस्थांचा वारसा जुना आहे, डॉ. द्वारकादास लोहियांनी अंबाजोगाईत 'मानवलोक' उभी केली ती १९८२ साली, पॉवरपॉइंट जन्मायच्या आधी. पण बाहेरच्यांची रीघ लागली ती नंतर. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली निघाल्या, राज्यात सर्वांत कमी, आणि मुली वाचवायला गाड्या यायला लागल्या. मुली मोजून होतात न होतात तोच दुष्काळ आला, गाड्यांवरचे बॅनर बदलले. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा विषय निघाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली, आणि मग तर हॉटेलात खोल्या मिळेनात. एक दुःख पुरतं निस्तरायच्या आत दुसरं 'फंडेबल' होतं. एवढं असून नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि शेजारचं, तेव्हाचं उस्मानाबाद, बीड नाहीच. सचिवसाहेबांना हे फार लागलंय. "सर, आकांक्षेत आपण कुठं कमी पडलो?" असं ते अगदी मनापासून विचारतात.

त्यात २०२० साली परदेशी निधीचा कायदा बदलला. मोठ्या संस्थेनं परदेशातून आलेला पैसा खालच्या छोट्या संस्थेला द्यायचा रस्ता बंद झाला. साहेबांचं हंगामी वसतिगृह अशाच एका रस्त्यावर उभं होतं. आईबाप ऊस तोडायला गेले की पोरं मागं राहावीत, शाळेत जावीत, यासाठी पत्र्याच्या तीन खोल्या आणि भात शिजवायला एक मावशी. तेव्हापासून साहेब परिषदांना जास्तच जायला लागले आणि माझ्याकडचे चहा वाढले.

मागच्या जानेवारीत असाच एक प्रस्ताव चालू होता. पावणेअकरा झालेले. 'संस्थेचे नेटवर्क : शंभर शब्दांत वर्णन करा' या रकान्यावर आम्ही अडलो होतो. साहेब म्हणत होते, उत्तम लिहा. मी म्हणत होतो, उरलेले नव्व्याण्णव शब्द? तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडं कुणीतरी गडी रडवेला होऊन बोलत होता. भावजयीच्या पोटात दुखायलंय, सातवा महिना चालू आहे, अंगावरून जायलंय, मुकादमाचा फोन बंद, उसाच्या फडात कोपीपाशी उभे आहोत, गाव कुठलं ते धड सांगता येईना. साहेबांनी एकच विचारलं. "कारखाना कोणता?"

त्यानं कारखान्याचं नाव सांगितलं. साहेबांनी पोराला घरी पिटाळून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणवला. आत कार्डांचे गठ्ठे, प्रत्येकाला रबर, रबराखाली चिठ्ठी. शिरोळ. कराड. इंदापूर. पलूस. अथणी. मला वाटायचं की कार्डं दात्यांप्रमाणे लावलेली असतील. ती सगळी कारखान्यांप्रमाणे लावलेली होती. अथणीच्या गठ्ठ्यातलं तिसरं कार्ड त्यांनी काढलं, चष्मा कपाळावर सारून पाठ वाचली : 'बचतगट. कन्नड-मराठी दोन्ही. जीप स्वतःची. कारखाना ९ किमी. गुलाबजाम ४ खाल्ले.' नंबर लावला. पलीकडच्या माणसाला कोण बोलतंय ते आठवेना. "अहो, सुतळीत तुमचा पाय अडकला होता बघा, मी सोडवला," साहेब म्हणाले. मग आठवलं.

तो माणूस थंडीत जीप काढून फडावर गेला. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत साहेब दर पाच मिनिटांनी फोन लावत होते, मधल्या वेळात त्या बाईच्या गावाकडच्या आईला 'सगळं ठीकाय' म्हणून खोटं सांगत होते, आणि मुकादमाच्या मेहुण्याला झोपेतून उठवून बजावत होते की उद्याचा खाडा धरशील तर मी स्वतः कारखान्यावर येईन. नवराबायको मिळून एक कोयता. त्यातला एक जण फडावर आला नाही की उचलीतून पैसे कापतात. ते न कापू देण्यासाठी साहेबांनी जी भाषा वापरली ती मला इंग्रजीत करता आली नसती. प्रस्ताव मी एकट्यानं पाठवला. बाराला चार मिनिटं कमी होती. साडेतीनला फोन आला : बाई बरी, पोरगी आहे, वजन कमी आहे, पण रडली.

या माणसाबद्दल चार शब्द चांगले लिहायचं माझ्या मनात कधी नव्हतं. अजूनही फार नाही. दुसऱ्याच दिवशी ते माझ्याकडं आले, दोनदा चहा प्यायले आणि ही गोष्ट एका दात्याच्या तिमाही अहवालात 'केस स्टडी' म्हणून घालायची म्हणाले. लाभार्थी किती लिहायचे यावर आमचा वाद झाला. मी दोन म्हणत होतो. त्यांचं म्हणणं, सकाळी त्या जीपवाल्यानं टोळीला चहा पाजला, तेव्हा टोळीचे सोळा धरून अठरा. "आणि तो स्वतः? त्याचीबी झोप गेली. एकोणीस करा."

केस स्टडी परत आली. 'उत्तम. सोबत फोटो जोडावा.' ज्या माणसानं आयुष्यात एकही फोटो हुकू दिला नाही, त्याच्याकडं त्या रात्रीचा फोटो नव्हता. मी सुचवलं, बाळाचा मागवून घ्या. तर टोळी तोवर दुसऱ्या फडावर गेली होती आणि त्यांच्या फोनला रेंज नव्हती. मग साहेबांनी बीडच्या परिषदेचा ग्रुप फोटो जोडला. मागच्या रांगेत तो अथणीचा माणूस, हातात गुलाबजामची वाटी. प्रमुख पाहुण्यांच्या उजव्या खांद्यामागं साहेब. दोघांभोवती लाल पेननं गोल केले.

आठवड्यानं दात्याच्या कार्यालयातून उत्तर आलं. 'फोटो मिळाला. यातले लाभार्थी कोणते ते कळवावे.'