३१ बाय ५२

मराठी स्ट्रोलरशास्त्री अमेरिकेत कुठेही आढळतो, पण न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास त्याची वस्ती दाट आहे. वय पस्तीस ते चाळीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी कुठल्याशा बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या आयटीत, अपत्यं दोन. एकच मूल असेपर्यंत हा माणूस चारचौघांसारखा असतो. मग दुसरं होतं. धाकटं अजून धड चालत नाही आणि थोरलं चालायला कंटाळतं, अशी दोनेक वर्षं प्रत्येक घरात येतात. नेमकी त्याच काळात घरात ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डची टूम निघते आणि आपल्या मित्राचा बघता बघता शास्त्री होतो.

सहल जुलैत असते. शास्त्रीबुवा जानेवारीत कामाला लागतात. विमानाची तिकिटं वहिनी काढतात, हॉटेल वहिनी ठरवतात, कुठल्या दिवशी कुठलं पार्क हेही त्यांचंच. बुवांकडे एकच खातं, स्ट्रोलर. पण त्या खात्याचा कारभार असा चालतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, सहल स्ट्रोलरची आहे आणि मुलं त्याला सोबत म्हणून चालली आहेत.

१ मे ही तारीख तुम्हाआम्हाला महाराष्ट्र दिन म्हणून ठाऊक. शास्त्रीबुवांच्या पंचांगात ती वेगळ्या कारणाने आहे. १ मे २०१९ पासून डिस्नेने नियम केला, की स्ट्रोलर ३१ इंचांहून रुंद आणि ५२ इंचांहून लांब चालणार नाही. मुलांना बसवून न्यायच्या वॅगनही त्याच दिवशी बंद झाल्या. मराठी मंडळाच्या पिकनिकला एखादा भोळा बाप पोह्यांची प्लेट हातात घेऊन म्हणाला, "आम्ही आपली वॅगनच नेणार आहोत", की बुवा त्याच्याकडे अशा नजरेने बघतात, जशी डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेऊन पेशंटकडे टाकावी. मग त्याला बाजूला घेतात. त्या बापाचे पोहे गार होतात, पण त्याला रुंदी कळते, लांबी कळते, आणि अपंगांसाठीच्या कायद्याप्रमाणे अमेरिकेतल्या सार्वजनिक दारांची मोकळी वाट निदान ३२ इंच असावी लागते, म्हणून जोडगाड्या तीस-एकतीस इंचांत बसवतात, हेही कळतं. हे त्याने विचारलेलं नसतं.

जोडगाडीत दोन पंथ आहेत. एकात मुलं शेजारी शेजारी बसतात, दुसऱ्यात मागेपुढे. शेजारवाल्यांचं म्हणणं, दोघांना सारखंच दिसतं आणि गाडी वळायला हलकी. मागेपुढेवाल्यांचं म्हणणं, गर्दीतून सुळकन निघता येतं. दोघांचंही खरं आहे. शेजारी बसवलेली भावंडं पहिल्या पाच मिनिटांत एकमेकांचे केस धरतात, आणि मागेपुढे बसवली तर मागच्याला दिवसभर पुढच्याचं छत बघावं लागतं. तिसराही एक पंथ आहे, पुढे धाकट्याला बसवून थोरल्याला मागच्या फळीवर उभं करणाऱ्यांचा. बुवा त्याला पाखंड मानतात. फळीवरचं मूल कधीही उतरू शकतं आणि बुवांच्या योजनेत मुलाने उतरायचं नसतं.

या सगळ्याची एक एक्सेल शीट असते. वजन, घडी केल्यावरची उंची, पाठ किती मागे जाते, छत किती पुढे येतं, खालच्या टोपलीत काय मावतं, कप ठेवायला जागा आहे का. एक रकाना 'एका हाताने घडी' असा आहे आणि त्यात हिरवा किंवा लाल रंग भरलेला आहे. वहिनींनी एकदा विचारलं, "दुसऱ्या हातात काय असणार आहे?" बुवा म्हणाले, "मूल." वहिनी म्हणाल्या, "आणि मी?" मी एवढ्या वर्षांत ऐकलेला त्या शीटबद्दलचा हा एकमेव गंभीर प्रश्न. त्याला रकाना नव्हता.

भाड्याने घेण्याचा मुद्दाही असतो. पार्कच्या दारातच डिस्नेच्या गाड्या भाड्याने मिळतात. टणक प्लास्टिकच्या, पाठ मागे न जाणाऱ्या. सकाळी एका पार्कात घेतली आणि दुपारी दुसऱ्यात गेलात तर पावती दाखवून तिथे दुसरी घ्यायची, कारण पहिली पार्कच्या बाहेर नेता येत नाही. शास्त्रीबुवांना नेमकं हेच खुपतं. "मूल दमतं कधी? बाहेर पडल्यावर. आणि गाडी काढून घेतात कुठे? दारात." हा मुद्दा, माझ्या मते, त्यांच्या सबंध शास्त्रातला सर्वात भक्कम मुद्दा आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला डिस्नेत तिकीट लागत नाही. तेव्हा धाकटीच्या तिकिटाचे वाचलेले पैसे गाडीत घालायला हरकत नाही, असा हिशेबही बुवा वहिनींना करून दाखवतात. गाडीची किंमत त्या तिकिटांच्या किती पट आहे, हे शीटच्या दुसऱ्या पानावर असतं आणि ते पान उघडायचं नसतं.

एवढं झाल्यावर एखाद्याने म्हणावं, "दोन साध्या छत्रीच्या दांड्याच्या गाड्या घे ना, वीस-तीस डॉलरला मिळतात." असं म्हणणाऱ्याला ओवेन मॅक्लारेन ऐकावा लागतो. हा इंग्रज विमानांचा इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाकं पंखांत दुमडून घेणारी जी यंत्रणा असते, तिच्यावर त्याने काम केलं होतं. पुढे १९६५ मध्ये त्याने अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी मुलांची गाडी काढली. "म्हणजे ज्या डोक्याने लढाऊ विमानाचे पाय दुमडले," बुवा म्हणतात, "त्याच डोक्याने..." इथे त्यांचा आवाज जरा भरून येतो. एवढं कौतुक करून ते ती गाडी घेत नाहीतच. तिची टोपली लहान असते.

गाडी येते. आमच्या बुवांची शेजारपंथी आली, साडेतीस इंच रुंद. खोक्यावर रुंदी लिहिलेली असूनही त्यांनी ती स्वतः मोजली, चाकांपाशी आणि हँडलपाशी वेगवेगळी. मग चाचणी. थोरल्याच्या जागी बासमतीची ४० पौंडांची गोण, धाकटीच्या जागी कणकेची २० पौंडांची पिशवी, दोघांना पट्टे लावलेले, आणि घरासमोरच्या उतारावर वर-खाली फेऱ्या. समोरच्या घरातल्या बाईंनी पडदा सरकवून बघितलं. बुवांच्या आई त्या वर्षी मिरजेहून सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. त्या पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "बाळ्या, धान्य फिरवून झालं असेल तर आता पोरांना जेवायला घाल."

आजींना शीटमध्ये जागा नव्हती. त्यांचे गुडघे दुखतात, आणि डिस्ने वर्ल्ड म्हणजे सुमारे चाळीस चौरस मैलांचा पसारा. त्यातल्या चार मुख्य पार्कांपैकी एकेका पार्कात दिवसभर हिंडलं तरी सात-आठ मैल सहज होतात. बुवांनी व्हीलचेअरचं नाव काढलं तेव्हा आजींनी तोंडाला पदर लावला. हसायला की रागाने, ते कळलं नाही. "मी काय पांगळी झाले?" विषय तिथे संपला.

आता मुख्य प्रयोग, ज्याला मीही सोबत. नूअर्कच्या विमानतळावर स्ट्रोलर विमानाच्या दारापर्यंत नेता येतो. तिथे चिठ्ठी अडकवून तो सामानवाल्यांच्या ताब्यात द्यायचा आणि उतरल्यावर दारातच परत घ्यायचा. बाकीचे आईबाप गाडी ठेवून आत शिरतात. शास्त्रीबुवा खिडकीची जागा मागून घेतात आणि ती गाडी सामानाच्या पट्ट्यावर चढेपर्यंत मान वळवत नाहीत.

मॅजिक किंगडमच्या पार्किंगमध्ये विभागांना डिस्नेच्या नायकांची आणि खलनायकांची नावं दिलेली आहेत. आमची मोटार जाफरच्या वाट्याला आली. पार्किंगमधून पुढे नेणारी ट्राम असते आणि ट्राममध्ये बसताना स्ट्रोलरची घडी करावी लागते. हाच तो क्षण. एक हात, तीन सेकंद. पण घडी घालायची तर टोपली रिकामी हवी. टोपलीत काय होतं? ठेपल्यांचा डबा, दशम्या, लोणच्याची बाटली (काचेची नेता येत नाही म्हणून प्लास्टिकची), पाण्याच्या बाटल्या, डायपरची बॅग, सगळ्यांचे रेनकोट, आणि आत एसी असतो म्हणून आजींची शाल. हे सगळं फरशीवर मांडलं. घडी तीन सेकंदांतच झाली, हे कबूल केलं पाहिजे. तोवर ट्राम गेली. ट्राममधून उतरलं की पुढे मोनोरेल. तिच्यात गाडी न मिटता नेता येते. हे बुवांनी आम्हाला आधी सांगितलं होतं, वाटेत सांगितलं, आणि मोनोरेलमध्ये उभं राहून पुन्हा सांगितलं.

आत शिरल्यावर थोरल्याने जाहीर केलं, की तो बाळ नाही. बाळं गाडीत बसतात. त्याला बाबाच्या खांद्यावर बसायचं होतं. धाकटीला गाडीत बसण्यापेक्षा गाडी ढकलण्यात रस होता. तिने ती एका ब्राझिलियन कुटुंबाच्या पोटऱ्यांवर घातली आणि तिची ढकलायची परवानगी काढून घेण्यात आली, तेव्हा ती आईच्या कडेवर चढली. एका जागी डायपरची बॅग बसली आणि दुसऱ्या जागी दुकानातून नुकताच आलेला कापडी गूफी. दोघांना पट्टे.

मग कुणाच्या लक्षात न येता एक गोष्ट झाली. आजींनी हँडल धरलं. गाडी ढकलतेय म्हटल्यावर त्या म्हाताऱ्या नव्हत्या, कामाच्या होत्या. सगळा भार हँडलवर टाकून त्या अशा चालू लागल्या, की वहिनींनाच मागून "आई, हळू" म्हणावं लागलं. गुडघ्यांचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी अॅनिमल किंगडममध्ये त्यांनी गाडी ढकलत आनंदपूर गाठलं. आनंदपूर म्हणजे डिस्नेने रचलेलं आशियातलं काल्पनिक राज्य. रंग उडालेल्या भिंती, पोपडे, फिकट पाट्या, सगळं मुद्दाम जुनाट केलेलं. आजींनी हँडलवर दोन्ही हात ठेवून ते निवांत पाहिलं. "हे मिरज स्टेशनच्या मागे फुकट दिसतं की रे," त्या म्हणाल्या. शास्त्रीबुवांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते वाकून हँडल जमिनीपासून किती इंचांवर आहे ते पाहत होते. त्या रात्री शीटमध्ये नवा रकाना आला.

स्ट्रोलर प्रत्येक राइडपाशी नेता येत नाही, ठरवून दिलेल्या जागी उभा करावा लागतो. आणि तुम्ही आत असताना तिथले कर्मचारी रांगा नीट करण्यासाठी तो उचलून दुसरीकडे लावतात. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'मधून बाहेर पडल्यावर समोर दिसतात त्या ओळीने उभ्या काळ्या-करड्या गाड्या. त्यातल्या निम्म्या तरी अशाच कुठल्या ना कुठल्या शास्त्र्याने पारखून घेतलेल्या असाव्यात, कारण त्या सगळ्या हुबेहूब सारख्या होत्या. पुष्कळ जण फुगे किंवा रिबिनी बांधतात. बुवांनी आडनावाची प्लॅस्टिकची पाटी करून आणली होती, पण ती हँडलच्या आतल्या बाजूला होती. बाहेरून दिसली तर चोराला नाव कळेल, असा त्यांचा विचार. गाडी आजींच्या खणाच्या चिंधीने सापडली. ती त्यांनी कधी बांधली, कुणालाच ठाऊक नाही.

फ्लॉरिडात उन्हाळ्यात दुपार कलली की बहुधा पाऊस येतो, आणि येतो तो धो धो. बुवांनी गाडीचं पावसाचं कव्हर आणलं होतं. त्यांनी ते शांतपणे काढलं, चारही कोपरे ताणून लावले, चेन ओढली. पाच मिनिटांत आम्ही सगळे ओलेचिंब. रेनकोट टोपलीत होते आणि टोपली कव्हरच्या आत. आत ठेपले, डायपर आणि गूफी अगदी कोरडे.

न्यायाने सांगायचं तर एका रात्री शास्त्र फळलंही. आतषबाजीच्या वेळी किल्ल्यासमोर एवढी माणसं होती की पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दणदणाटात थोरला आणि धाकटी दोघं त्या गाडीत, पाठ पूर्ण मागे केलेल्या आसनांवर, गाढ झोपली. बुवा वर आकाशाकडे बघतच नव्हते. त्यांनी त्या दोघांचे फोटो काढले, चारही बाजूंनी.

त्यातलाच एक फोटो पुढे मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला, गाडी विकायच्या जाहिरातीसोबत. जाहिरात लांब होती. रुंदी, लांबी, वजन, चाकांची अवस्था, नव्या रकान्यातली हँडलची उंची, सगळं. शेवटी एक प्रामाणिक ओळ: "मुलं फारशी बसलेली नाहीत." तीन जणांनी चौकशी केली. तिघंही एडिसनचे, तिघांची आपापली शीट होती, आणि तिघांशीही बुवांचं प्रत्येकी तासभर बोलणं होऊन व्यवहार फिसकटला. किंमत कमी करायला बुवा तयार नाहीत. थोरला आता शाळेची बस धरायला पळत जातो, धाकटी त्याच्या मागे. गाडी गराजमध्ये असते. महिन्याचं वाणसामान आलं की ती बाहेर निघते. दोन आसनं असल्यामुळे तांदूळ आणि कणीक वेगवेगळे बसतात, असं वहिनी सांगतात.