वाइड हवी की उजळ?

मुंजीचे फोटो काळे आले की घरात ठराव होतो: 'आता वाइड लेन्स घ्यायला हवी.'

का?

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स १८ मिमीला सुमारे ७५ अंशांचा कोन टिपते. त्यात बटू, आईबाप, भटजी आणि मागचे रुसलेले मामासुद्धा मावतात. कमी पडला तो उजेड. खरेदी मात्र रुंदीची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मग घरी येते कॅननची १०-१८. हलकी, स्वस्त, दिवसाउजेडी सह्याद्रीचे कडे टिपायला उत्तम. पण तिच्यावरचा दुसरा आकडा वाचलात का? एफ ४.५ ते ५.६. हा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. म्हणजे १८ मिमीला ती किट लेन्सच्या निम्म्याहून कमी उजेड आत घेते.

पैसे मोजून आणखी काळोख.

दुसरा गट हुशार. तो ५० मिमी, एफ १.८ घेतो. उजळ आहे, खिशाला झेपते. पण क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर ५० मिमीची चौकट ७५ची होते. पाठ भिंतीला टेकली तरी बटू आत आणि आईबाप बाहेर.

मग उजळ ५० स्वस्त, आणि उजळ १६ महाग, असं का? दोष आरशाचा. निकॉनच्या एसएलआरमध्ये माउंटपासून सेन्सर ४६.५ मिमी दूर, कारण मध्ये आरसा हलतो. १६ मिमीच्या लेन्सला तेवढ्या लांबून प्रतिमा फेकायची तर पुढे मोठी, फुगीर काच लावावी लागते. काच वाढली की वजन वाढतं, वजनामागून किंमत. सोनीच्या मिररलेसमध्ये हे अंतर १८ मिमी आहे. आरसा गेला आणि उजळ वाइड लेन्स मध्यमवर्गात आली.

आता हिशोब. एफचा आकडा निम्मा झाला की उजेड चौपट होतो. किटच्या ३.५वरून २ला आलात की तिप्पट, १.४ला आलात की सहापट. जिथे आयएसओ ६४०० लावून फोटोत रवा सांडत होता, तिथे हजारावर काम होतं.

आणि २.८चा झूम? किटच्या दीडपट उजेड, बस्स. टोकिनाची ११-१६ क्रॉप सेन्सरवाल्यांची जुनी लाडकी, ती गुणी आहेच. सेकंडहँड बाजारात निकॉनसाठी घेताना मात्र आवृत्ती विचारा. पहिल्या आवृत्तीत मोटर नाही, आणि निकॉनच्या डी ३००० नि डी ५००० मालिकेतल्या बॉडीतही नाही. फोकस कोण करणार? तुम्ही.

माझं मत सरळ आहे: झूमचा मोह सोडा, प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स घ्या. मिररलेस असेल तर सिग्मा १६ मिमी एफ १.४. बजेट आणखी तंग असेल तर सॅमयांगची मॅन्युअल १२ मिमी एफ २. डीएसएलआर असेल तर सॅमयांगचीच १६ मिमी एफ २.

'मॅन्युअल' म्हटलं की चेहरे पडतात. कशाला? १२ मिमीच्या लेन्सवर एफ २ला साडेतीन-पावणेचार मीटरवर फोकस लावून ठेवा. दोन मीटरच्या पुढचं सगळं स्वीकारण्याइतकं स्पष्ट येतं. मुंजीच्या हॉलमध्ये फोकस रिंगला पुन्हा हात लावायची गरज नाही.

एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. मिररलेसवर अशा लेन्सला विजेचे संपर्कबिंदू नसतात, त्यामुळे ती लावल्याचं कॅमेऱ्याला कळतच नाही. लेन्सशिवाय शटर उडवायची परवानगी मेनूत द्यावी लागते. ती दिली नाही की नवी कोरी लेन्स 'बिघडलेली' ठरते.

'पण किट लेन्सला स्टॅबिलायझर आहे ना?' आहे. तो तुमचा हात थोपवतो. पळणारा बटू थोपवत नाही.

ट्रायपॉड हाताशी असेल आणि समोरचं हलत नसेल तर उजळ लेन्स घेऊच नका. धबधब्याला एफ १.४ कशाला हवा? अजिंठ्यात मात्र हवा. चित्रं हलत नाहीत, पण तिथे फ्लॅशला बंदी आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते, आणि लेण्यातला अंधार कोणाच्या परवानगीने हटत नाही.

आणि भंडारदऱ्याचे काजवे? तिथे ट्रायपॉडही अर्धाच उपयोगी. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर झाडं उजळतात, काजवा नाही. तो क्षणभर चमकून पुढे सरकलेला असतो. त्याची ठिणगी किती तेजस्वी उमटेल हे ॲपर्चर आणि आयएसओ ठरवतात. ताऱ्यांचंही तेच. १२ मिमीला वीस-पंचवीस सेकंदांपुढे गेलात की ठिपक्यांच्या रेघा होतात, कारण पृथ्वी तुमच्या फोटोसाठी थांबत नाही. पैसे इथे वसूल होतात.

(काजव्यांवर फ्लॅश मारणाऱ्यांनी कोणतीच लेन्स घेऊ नये. घरी बसावं.)

दुकानात स्वतःची बॉडी घेऊन जा. ॲपर्चर पूर्ण उघडा, लांबचा छोटा दिवा चौकटीच्या चारही कोपऱ्यांत धरून फोटो काढा आणि मोठे करून बघा. दिव्याला पाखरासारखे पंख फुटले तर तारेही तसेच येणार. एक कोपरा स्वच्छ आणि समोरचा धुरकट आला तर आतली काच कलली आहे. दुसरा नग मागा. जुनी लेन्स असेल तर आत टॉर्च मारून बुरशी शोधा. मुंबई-कोकणातला पावसाळा काचेला सोडत नाही. बिल पक्कं.

आणि काउंटरपलीकडून 'एवढं उघडून कोण काढतं हो, एफ ८ला बघा ना!' असा सल्ला आला, तर लेन्स परत ठेवा आणि बाहेर पडा. एफ ८ला किट लेन्सही झकास असते.